टेपाडाची सावली

पौष संपत आला की संध्याकाळी मला घरात बसवत नाही. दौंडच्या कॉलेजातला शेवटचा तास झाला की मी मोटरसायकल काढतो आणि पाटस, चौफुला करत न्हावऱ्याच्या रस्त्याला लागतो. भीमेच्या पुलाअलीकडे उसाच्या फडांमध्ये ज्वारीचे काही तुकडे अजून शिल्लक आहेत. तिथे गाडी स्टँडला लावून उभा राहतो. बायको विचारते, "रोज कुणाची वाट बघता तिथं?" मी ऊन कलायची वाट बघत असतो, हे तिला सांगून पटत नाही.

दुपारी बाराला आमचा मुलूख परातीसारखा सपाट दिसतो. साडेपाचला तीच जमीन जागी होते. वीतभर बांधाला दोन हात सावली येते. बुजलेल्या चारीची कड, मोडलेल्या गाडीवाटेचा खोलगट पट्टा, कुणाच्या आजोबाने घातलेला आणि नातवांनी नांगरून टाकलेला मातीचा ताल, सगळं पंधरा-वीस मिनिटं वर येतं आणि मग दिवस मावळतो. हे बघायला ज्यांनी मला शिकवलं त्यांचे उपकार मी विसरणार नाही. बघताना जी बोच लागते, ती मात्र त्यांनी दिलेली नाही. ती मी एका हंगामात स्वतः मिळवली.

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं होती. शिरूरला मामाकडे राहून शाळा आणि बी.ए. केलेला मी पुण्यात भूगोलाच्या एम.ए.ला आलो होतो. घराण्यात माझ्या आधी कुणी पदवी बघितली नव्हती. आमची मूळची मेंढरं. मी तिसरीत असताना आबांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, ती विकली आणि आम्ही भीमेकाठच्या वस्तीवर शेतकरी झालो. होस्टेलला जागा मिळावी म्हणून शिफारशीचं पत्र दिलं ते गावच्या भाऊसाहेबांनी. वस्तीच्या दक्षिणेचं सगळं काळं रान त्यांचं. पत्रावर सही करताना म्हणाले होते, "सोपाना, गावाचं नाव काढ. एवढंच मागनं हाय माझं."

पुण्यात माझ्या सरांनी मला काम दिलं ते असं. भीमा आणि घोड या नद्यांच्या पट्ट्यात माणसांनी पूर्वी केलेली मातीची कामं शोधायची: गढ्यांचे तट, तळ्यांचे बांध, खंदक. जमिनीवर उभं राहून ती ओळखू येत नाहीत, म्हणून विमानातून घेतलेल्या जुन्या फोटोंवर शोधायची. फोटो माझ्या जन्माआधीचे होते. ते वरच्या मजल्यावरच्या एका खोलीत, लोखंडी कपाटात असत आणि कपाटाची किल्ली पाटणकरबाईंच्या कमरेला. फोटो खोलीबाहेर न्यायचा नाही. शाईचं पेन आत आणायचं नाही. पहिल्या दिवशी बाईंनी माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं.

"डोक्याला तेल लावलंय का?"

"हो."

"उद्यापासून लावू नका. वाकलात की फोटोवर ओघळतं."

त्या खोलीचा वास अजून आठवतो. डांबरगोळ्या, जुना कागद आणि खिडकीखालच्या टपरीवरून वर येणारा आल्याचा. काही क्षणांच्या अंतराने घेतलेले दोन फोटो शेजारी ठेवायचे आणि त्यावर चार पायांचं, दोन भिंगांचं छोटं यंत्र. सुरुवातीला दोनच फोटो दिसतात. मग डोळे कुठेतरी जुळतात आणि कागदातून टेकडी वर येते. मी दचकून मान मागे घेतली होती. बाई हसल्या. "सगळेच मागं सरकतात. टेकडी नाकाला लागेल असं वाटतं."

सरांनी एकच नियम शिकवला होता. "सावली नेहमी आपल्या अंगाकडं पडेल असा फोटो धरा. उलटा धरलात तर डोळा फसतो. उंचवट्याचा खड्डा दिसतो, खड्ड्याचा उंचवटा. आपल्याकडं सावल्या उत्तरेला पडतात, म्हणून उत्तर खाली घ्यायची."

मी नियम वहीत लिहिला. अक्षर चांगलं होतं माझं.

आमच्या गावचा फोटो हातात आला तो पौषातच. त्याची जोडी नव्हती. दुसरा फोटो ओल लागून शेजारच्या फोटोला चिकटला होता. एकट्या फोटोतून जमीन वर येत नाही. तो साध्या भिंगाखाली सपाटच बघावा लागतो. त्यातून शेजारी नकाशा उघडलेला. नकाशावर उत्तर वर असते, ताडून बघायला सोपं जावं म्हणून फोटोचीही उत्तर मी वर ठेवली. नियम वहीत राहिला. आपलं गाव आहे, इथे काय चुकायचंय, असं वाटलं असणार.

वस्तीच्या दक्षिणेला, भाऊसाहेबांच्या रानात, मला सात काळे गोल दिसले. एकाला एक लागून, किंचित वाकड्या रांगेत. मी भिंग आणखी जवळ नेलं. बुरूज! मातीच्या गढीचे बुजलेले बुरूज. त्यांच्या थोडं खाली एक लांब काळा पट्टा होता. तो मला खोलगट दिसला. जुनी गाडीवाट म्हणून मी तो बारीक तुटक रेघेने काढला आणि विसरलो.

पारदर्शक कागदावर पेन्सिलीने गोल काढले. फोटोत त्यांच्या कडा विरत गेलेल्या होत्या, कापडावर तेल पसरावं तशा. पण पेन्सिलीला विरता येत नाही. तिची रेघ होते. सरांनी तो कागद बघितला, बराच वेळ बघितला आणि गोलांशेजारी लिहिलं, "बुरूज?" रात्री जेवण्याआधी होस्टेलवर मी शाईने पक्की प्रत काढली. त्या प्रतीत प्रश्नचिन्ह आलं नाही. आळसाने राहिलं असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. ते खरं नाही.

माझ्याच हट्टावरून सरांनी ग्रामपंचायतीला विनंतीचं पत्र पाठवलं: या पट्ट्यात प्रत्यक्ष पाहणी होईपर्यंत खोदाई किंवा सपाटीकरण करू नये. पत्र पोचलं आणि सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर शाळेच्या पटांगणात मला शाल-नारळ मिळाला. भाऊसाहेब माईकवर बोलले. "आपल्या गावाला गढी हाय. आपल्या सोपानानं ती इमानातनं बघितली." मी विमान जवळून बघितलंही नव्हतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आई बायकांच्या मागे उभी राहून पदराने डोळे पुसत होती. बाहेर पडताना भाऊसाहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

"उन्हाळ्यात डोजर सांगितलाय. खालचं वावर भरून घ्यायचंय, उसाला पाणी सारखं बसंना. माती गढीच्या पट्ट्यातनं काढणार व्हतो. आता तितं हात लावत न्हाई. शबूद हाय आपला."

"मग माती?"

"काढू की दुसरीकडनं. मातीला काय तोटा?"

मी मान डोलावली. त्या दिवशी हवेत हुरड्याचा धूर होता आणि मला खांद्यावरची शाल उबदार लागत होती.

फाल्गुनात आबा पुण्याला आले. खांद्यावर पिशवी, पिशवीत ज्वारीच्या भाकरी आणि चटणी. म्हणाले, "समदा गाव गढी गढी करतोय. मला बी दाव की."

पाटणकरबाई आधी नाही म्हणाल्या. बाहेरच्यांना परवानगी नव्हती. मग त्यांनी आबांच्या पायांकडे बघितलं. आबांनी वहाणा जिन्याखालीच काढून ठेवल्या होत्या. "पाच मिनिटं," बाई म्हणाल्या. "आणि फोटोला हात लावायचा नाही, मामा."

"न्हाई लावत, बाय."

आबांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले. मी नदी दाखवली, वस्ती दाखवली. त्यांना काही लागेना. मान तिरकी केली, उजवीकडे वाकले, डावीकडे वाकले. "आपली वस्ती हिकडं, न्हवं? मग मी असा उलटा का हुबा हाय?" फोटो फिरवायची सोय नव्हती, हात बांधलेले. म्हणून ते स्वतःच टेबलाला वळसा घालून पलीकडे गेले आणि वस्तीच्या बाजूने, उत्तरेकडून, रानाकडे तोंड करून उभे राहिले. रोज सकाळी घराच्या दारात उभे राहतात तसे.

"हां. आता गावलं."

मी भिंग धरलं. आबा बघत राहिले आणि मग हसायला लागले.

"हे गोल व्हय तुझं बुरूज?"

"हो."

"आरं, ही मेंढरं बसल्याली हायेत."

"काय?"

"भाऊसाहेबाच्या बापाच्या रानात आपला मेंढरांचा वाडा बसायचा. सांच्याला वाघर लावायची..." ते बाईंकडे वळले. "वाघर म्हंजी जाळी, बाय. मेंढरांच्या भवती गोल लावायची. आज हितं, उद्या जरा फुडं, परवा आनिक फुडं. जितं मेंढरू बसलं तितं लेंडीमुताचं खत पडतं. फुडच्या साली तेवढ्याच जागी ज्वारी काळीभोर येती. ह्ये बघ. एक, दोन, तीन... सात रात्री बसलो असू. बुरूज कसलं रं, लेंड्या हायेत त्या!"

पाटणकरबाईंनी तोंडाला पदर लावला. मला जमिनीने पोटात घ्यावं असं वाटलं. लहानपणी मी त्या वाघरीच्या कडेला घोंगडीत झोपलेला मुलगा. चिंचेवर चढून खालच्या ज्वारीतले काळे गोल मी स्वतः बघितले होते, आणि कुठल्या गोलात आमची मेंढरं जास्त दाटीने बसली असतील यावर बहिणीशी भांडलो होतो. हे सगळं मला ठाऊक होतं. शिरूर, पुणे, वही, भिंग, या वाटेवर कुठेतरी ते खाली ठेवून मी पुढे आलो होतो.

आबा अजून बघतच होते. "आन् टेपाडाची सावली बघ केवढी पडली हाय."

"कुठं?"

हात पाठीमागेच ठेवून त्यांनी हनुवटीने दाखवलं. माझी गाडीवाट. मी टेबलाला वळसा घालून आबांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो आणि तिथून बघितलं. तो काळा पट्टा डोळ्यांदेखत पलटला. खोलगट होता तो उंच झाला. लांब, किंचित धनुष्यासारखा वाकलेला, दोन्ही टोकांना उतरत गेलेला. भाऊसाहेबांच्या रानातलं टेपाड. आम्ही त्यावरून घसरगुंडी खेळलो होतो. आणि त्याच्या पलीकडच्या वावराला सगळा गाव तळ्याचं वावर म्हणतो. तिथे तळं मी कधी पाहिलं नव्हतं, आणि मग हे नाव का, असंही कधी मनात आलं नव्हतं.

"म्हातारी माणसं म्हणायची, हितं तळं व्हतं," आबा म्हणाले. "कुणाच्या काळात, द्येव जाणं."

सरांनी जे शोधायला सांगितलं होतं ते एवढंच होतं. कुणीतरी, कधीतरी, टोपल्यांनी माती वाहून ओढ्याला घातलेला तळ्याचा बांध. मी तो तुटक रेघेने वाट म्हणून काढला होता, आणि लेंड्यांना बुरूज म्हटलं होतं.

जिना उतरताना मी म्हटलं, "आबा, गावात एवढ्यात बोलू नका."

"का रं?"

"लोक हसतील."

"हसू देत की. लेंड्या तर आपल्याच हायेत."

"पंधरा दिवसांनी सगळ्यांसमोर निबंध वाचायचाय मला. तो झाला की मीच सांगतो."

आबा थांबले. वहाणा पायात सरकवत म्हणाले, "बरं. तू शिकल्याला हायेस."

एवढंच. त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं.

ते पंधरा दिवस मी कसे काढले ते सांगता येत नाही. जेवण जात नव्हतं. झाडांच्या सावल्या रस्त्यावर पडलेल्या बघितल्या तरी मान वळवायचो. टेपाडाला काय होणार आहे, शेकडो वर्षं उभं आहे, डोजर तर उन्हाळ्यात येणार, असं मनाशी घोकत होतो. निबंध वाचला. बुरुजांपुढे प्रश्नचिन्ह परत घातलं आणि तेवढ्याने स्वतःला प्रामाणिक समजलो. टाळ्या झाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी सरांच्या खोलीत जाऊन सगळं सांगितलं.

सर रागावले नाहीत. चष्मा काढून पुसत राहिले. "चूक माझ्याकडूनही झाली. सहीचं पत्र माझं आहे. पण तुम्हाला कळून किती दिवस झाले?"

"पंधरा."

चष्मा डोळ्यांवर चढवून ते म्हणाले, "आज गावाला जा. आत्ता."

दौंडच्या गाडीत बसलो, केडगावला उतरलो, मिळेल त्या वाहनाने वस्ती गाठली. लांबूनच आवाज ऐकू आला. डोजरवाल्याचं दुसरं काम पुढे गेलं होतं म्हणून तो आधीच आला होता. चार दिवस झाले होते.

टेपाडाचा बराचसा भाग तळ्याच्या वावरात पसरून झाला होता. उरलेल्याची कड सरळ कापलेली, आणि त्या कापात मी पहिल्यांदा ते नीट बघितलं. काळी माती, त्यावर मुरूम, पुन्हा काळी माती, पुन्हा मुरूम. प्रत्येक थर चोपून बसवलेला. पाण्याच्या अंगाला दगडांचं अस्तर, एकात एक अडकवलेलं. कुणाचे हात असतील ते? डोजरवाला खाली उतरला, बिहारकडचा तरुण होता. म्हणाला, "पत्थर बहुत निकला, भैया. इधर क्या था पहले?"

मी उत्तर देणार तेवढ्यात भाऊसाहेब आले. धोतर सावरत, खुशीत. "सोपाना! बघ, तुझ्या गढीला धक्का लावला न्हाई. माती समदी टेपाडाची घेतली. शबूद पाळला का न्हाई?"

त्यांचा चेहरा असा उजळला होता की मला तो विझवता आला नाही. मी म्हणालो, "बरं झालं, भाऊसाहेब."

डोजर पुन्हा सुरू झाला.

पुढचं सगळं नीट झालं. प्रबंधात मी खरं ते लिहिलं: गोल म्हणजे मेंढरांच्या बसण्याच्या जागा, टेपाड म्हणजे जुन्या तळ्याचा बांध, आता नष्ट. ती प्रत पुण्याच्या ग्रंथालयात आहे. वाचायला कोण जाणार? मला दौंडला नोकरी लागली. घर झालं. गावात मात्र गढी होती तशीच राहिली. भाऊसाहेबांनी त्या पट्ट्यात कधी खोल नांगर घातला नाही. कडेला पांढरा चुना लावलेला दगड पुरला, त्यावर तांबड्या रंगात "जुनी गढी" लिहिलं. शाळेच्या सहली तिथे येऊन डबे खातात. मी शिक्षक, मुलांना सावली अंगाकडे घ्यायला शिकवतो आणि त्या दगडाजवळून जाताना गाडीचा वेग वाढवतो. आबांनी मला कधी विचारलं नाही. दर वर्षी ज्वारीत दाणा भरला की तेवढं म्हणतात, "सावल्या लांबल्या रं." पौष आला एवढाच त्याचा अर्थ असेल. मला तेवढाच कधी ऐकू येत नाही.

यंदा भाऊसाहेबांचा निरोप आला. तळ्याच्या वावरातला ऊस दोन-तीन वर्षं धरत नव्हता, पाणी साचून मुळ्या कुजायच्या. म्हणून त्यांनी ऊस मोडून टेपाडाच्या जागेसकट सगळीकडे ज्वारी केली होती. आणि ज्वारीत काहीतरी विचित्र झालं होतं. मी आबांना मागे बसवून घेतलं आणि गेलो.

वावराच्या कडेला पाण्याची नवी टाकी झाली आहे. भाऊसाहेब आता काठी टेकत चालतात, तरी टाकीचा अर्धा जिना माझ्याबरोबर चढून आले. आबा खालीच थांबले. तिथूनच खाली बघितलं आणि मी कठडा घट्ट धरला. सगळी ज्वारी हिरवी, कणसांनी वाकलेली, आणि तिच्यामधून पिवळा, खुरटा पट्टा गेला होता. लांब. किंचित धनुष्यासारखा वाकलेला. दगडाचा पाया आणि चोपलेली माती खाली तशीच होती. मुळ्यांना ती भेदता आली नव्हती. जे मी एकदाही नीट काढलं नाही, ते ज्वारीने पूर्ण लांबीचं काढून ठेवलं होतं.

"मास्तर," भाऊसाहेब म्हणाले, "तुम्ही भूगोलवाले. बी एक, खत एक, पाणी एक. मग ही मधलीच का मेली? रोग हाय का काय?"

रोग आहे म्हणून सांगता आलं असतं. एक क्षण तेही डोक्यात येऊन गेलं.

"रोग नाही, भाऊसाहेब. तिथं टेपाड होतं. ते जुन्या तळ्याचा बांध होता. खाली पाया शिल्लक आहे."

"बांध? मग गढी?"

"गढी नव्हती. ते गोल आमच्या मेंढरांचे होते. तुमच्या वडलांच्या काळात वाडा बसायचा, त्याचे. मी चुकलो होतो."

खाली आबा मान वर करून उभे होते. त्यांना सगळं ऐकू जात होतं.

"म्हंजी इतकी वरसं मी लेंड्या राखल्या?"

"आमच्याच व्हत्या," आबा खालून म्हणाले. "पर राखल्या झ्याक."

भाऊसाहेब हसले नाहीत. माझ्याकडे बघत त्यांनी विचारलं, "तुला कवा कळलं?" मास्तर गेला होता, पूर्वीचा सोपान परत आला होता.

"डोजर यायच्या आधी."

"आधी."

"दहा-बारा दिवस आधी."

ते जिना उतरायला लागले. एकेक पायरी, काठी आधी, मग पाय. मी हात पुढे केला तो त्यांनी घेतला नाही. खाली आल्यावर आबांच्या जवळून पुढे गेले, पश्चिमेच्या बाजूने ज्वारीत शिरले आणि त्या पिवळ्या पट्ट्यातून एकटेच चालत राहिले. खुरटी ज्वारी त्यांच्या कमरेला लागत होती, दोन्हीकडची डोक्याच्या वर. साडेपाच वाजले होते. डोजरने टोकाला सोडलेला टेपाडाचा एवढासा तुकडा बाभळीखाली अजून उभा आहे, तिथे जाऊन ते थांबले. काठीने त्यातला एक दगड टोकरला. मग वळून ओरडले.

"सोपाना! हुबा का ऱ्हायलास? हिकडं ये. कुठनं कुठवर व्हता, समदं दाव मला."

आबांनी माझ्या पाठीला हात लावला. मी ज्वारीत शिरलो.